विषय: वायरमन, आशाताई, कोतवाल यांचा सत्कार आणि नामफलक

सचिव:

नमस्कार मंडळी,
निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आदळलं. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, माड तारांवर पडले. त्या दिवसांत राबलेल्या स्थानिक लोकसेवकांचा गावात सत्कार करायचं आपल्या परदेशातल्या मंडळाच्या सभेत ठरलं आहे. प्रस्ताव असा: येत्या 3 जूनला कार्यक्रम, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, मानपत्र आणि रोख पाकीट, ग्रामपंचायतीबाहेर पितळी फलक, फलकावर सर्वांत वर नाथ पै आणि मधु दंडवते. सूचना याच धाग्यावर द्याव्यात.

खजिनदार:

पाकीट आधी रद्द करा. हा कंजूषपणा नाही, ज्याचा सत्कार करायचा त्यालाच आपण गोत्यात आणू. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणून त्याचा पैसा विदेशी अंशदान (परदेशी व्यक्ती-संस्थेकडून आलेली देणगी) ठरतो. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम 2010 प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला ते घेता येत नाही. सरकारच्या मालकीच्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यालाही नाही, म्हणजे महावितरणचा वायरमनही त्यात आला. 2020 च्या दुरुस्तीने ‘लोकसेवक’ हा शब्दच त्या कलमात घातला.

‘मग गावातल्या एखाद्या संस्थेमार्फत देऊ’ हेही चालणार नाही. संस्थेची या कायद्याखाली नोंदणी हवी, पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवा, आणि तिथून तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही 2020 पासून बंदी आहे.

फलकाच्या खर्चाला मार्ग आहे. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या बँक खात्यातून पैसे पाठवावेत. ते विदेशी अंशदान नाही. ओसीआय कार्डवाल्यांनी (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी) यात पडू नये, कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी नागरिकच. आणि कृपा करून आधी मंडळाच्या खात्यात वर्गणी गोळा करू नका. तिथे जमा झाली की ती मंडळाची.

शाल आणि मानपत्रालाही परवानगी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 मध्ये जाहीर सत्काराबद्दल स्पष्ट अट आहे. जिल्हा परिषदेच्या ग्रामसेवकाला, शिक्षकाला त्यांचे वेगळे नियम, महावितरणला कंपनीचे. अर्ज ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, त्या-त्या कार्यालयप्रमुखाच्या नावे, किमान दीड महिना आधी. आशाताई मानधनावर काम करतात, म्हणून त्यांची गणना सरकारी कर्मचाऱ्यांत होत नाही. पाकीट मात्र त्यांनाही नको. एकाच व्यासपीठावर एकीला पाकीट आणि दुसऱ्याला नुसता नारळ, हे बरं दिसत नाही.

माई (श्रीवर्धनकडच्या):

सचिवसाहेब, नाथ पै आणि दंडवते हे राजापूर मतदारसंघाचे खासदार. पै 1957 पासून 1971 मध्ये जाईपर्यंत, दंडवते 1971 ते 1991. श्रीवर्धन तेव्हा कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, म्हणजे त्यांच्या मतदारसंघाबाहेर. तिथला वडीलधारा हवाच असेल तर सी. डी. देशमुख. 1952 ला ते कुलाब्यातून निवडून आले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. पण माझं मत विचाराल तर पुढारी फलकावर नकोतच. त्यांची नावं रस्त्यांना, सभागृहांना आहेत. वायरमनचं नाव कुठे आहे?

शिवाय यादीत सफाई कामगार दिसत नाहीत. अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्ती आणि संडासाच्या कामात हयात घालवली, कणकवलीचा गोपुरी आश्रम त्यांचाच. अशा कोकणात ही चूक शोभत नाही.

अण्णा (बांधकामवाले):

पितळ खाऱ्या हवेत काळं-हिरवं पडतं, आणि भंगारात विकलं जातं म्हणून चोरीला जातं. स्टील घेतलं तर 304 या नेहमीच्या प्रतीला समुद्राकाठी चहासारखे डाग धरतात. 316 प्रतीचं घ्यावं लागेल, त्यात गंज रोखणारं मॉलिब्डेनम 2 ते 3 टक्के असतं, ते महाग पडतं. माझ्या मते काळा ग्रॅनाइट, 20 मिमी जाडीचा, अक्षरं कोरलेली. वरचा रंग काही वर्षांत जाईल, कोरीव राहील. संगमरवर नको, पावसात शेवाळ धरून काळवंडतो.

भिंत जांभ्याची आहे. जांभा मऊ आणि सच्छिद्र, फुगणारे बोल्ट त्यात धरत नाहीत, कोपऱ्याचा तुकडाच निघतो. म्हणून मागे 100 मिमी काँक्रीटचा पट्टा ओतून, 316 च्या खुंट्यांवर शिळा बसवा. लोखंडी स्क्रू एकही नको, दुसऱ्या पावसाळ्यात गंजाचे ओघळ नावांवरून खाली येतात. वरच्या कडेला पाणी निथळायला उतार. तोंड पूर्वेला किंवा पडवीत, कारण पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो.

नावाचं अक्षर 25 मिमी, मजकुराचं 15. कोरणाऱ्याकडे जुने फाँट असतात, युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात आणि ‘वाऱ्या’चं ‘वार्या’ होतं. अक्षरांची आउटलाइन केलेली (म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेली) पीडीएफ द्या, पूर्ण मापाची कागदी प्रिंट काढून घ्या, आणि प्रत्येकाने स्वतःचं नाव वाचून सही केल्याशिवाय कोरायला सांगू नका. ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही!

माई:

यादी कार्यालयाकडून मागवली तर फक्त कायम कर्मचारी येतील. खांब खांद्यावर वाहणारे कंत्राटी कामगार तिच्यात नसतात. त्यांची नावं ठेकेदाराच्या हजेरीपटावरून घ्या, मग दोन्ही याद्या ग्रामसभेत वाचून दाखवा. गाळलेलं नाव तिथेच निघतं. आणि फलकावर हुद्दा नको. कागदोपत्री ‘तंत्रज्ञ’, गावासाठी वायरमन, त्यात बढती झाली की वाद. नावं अकारविल्हे.

सचिव:

मान्य. पाकीट आणि पुढारी दोन्ही काढले. तारखेचं काय?

अण्णा:

3 जून नको. पाऊस तोंडावर असतो आणि वायरमन तारांवरच्या फांद्या छाटण्यात अडकलेला. 26 जानेवारी घ्या, त्या दिवशी ग्रामसभाही असते. सकाळी जो-तो आपापल्या कार्यालयात झेंडावंदनाला, म्हणून कार्यक्रम दुपारी 4 ला. फक्त आचारसंहिता लागू आहे का ते तहसील कार्यालयात आधी विचारा. कोरायला दिवाळीनंतर लगेच टाका, आणि काँक्रीट ओतल्यावर निदान 10 दिवस पाणी मारायला माणूस ठरवून ठेवा. आपल्यापैकी कोणीच तिथे नसणार.