अ‍ॅरोहेड पफरला किती दिवसांनी आणि काय खाऊ घालावे?

सिंहगड_पायथा यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ‘अ‍ॅरोहेड पफर’ या नावाने विकला जाणारा, मेकाँग नदीच्या खोऱ्यातला गोड्या पाण्यातील पफर आहे. दुकानदाराने पावतीवर ‘पाओ सुवत्ती’ असे शास्त्रीय नाव लिहून दिले होते आणि डोक्यामागची बाणाच्या टोकासारखी खूण पाहता ते बरोबरच असावे. मासा सध्या साधारण नऊ सेंटीमीटर लांब असून तीन फुटी टाकीत एकटाच आहे. तळाला बारीक वाळू आहे, पाण्याचे तापमान २६ ते २७ अंशांच्या आसपास राहते आणि दिवसातला बहुतेक वेळ तो फक्त डोळे व तोंड बाहेर ठेवून वाळूत रुतून बसलेला असतो.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न खाण्याच्या वेळापत्रकाचा. दुकानदार म्हणाला, “शिकारी मासा आहे, उपाशी ठेवू नका, रोज पाच-सहा गप्पी सोडत जा.” याउलट इतरत्र वाचावे तर आठवड्यातून एकदाच द्या, असे सांगणारे बरेच भेटतात. मी काचेजवळ गेलो की त्याचे डोळे माझ्या हाताबरोबर फिरतात आणि तो भुकेला असावा असे वाटून काहीतरी दिल्याशिवाय राहवत नाही. दुसरा प्रश्न जरा घरगुती आहे. आमच्याकडे मांसाहार होत नाही आणि फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवण्यास आईची ठाम हरकत आहे. तेव्हा केवळ गांडुळे आणि गोगलगायी यांवर हा मासा नीट जगू शकेल का?

खाडीकाठ यांचे उत्तर

दुकानदाराचा सल्ला बाजूला ठेवावा. रोज पाच-सहा गप्पी हे प्रमाण या जातीला फारच जास्त आहे, आणि त्यात दुकानाच्या गप्पीविक्रीचा वाटा किती, हे आपणच ठरवावे.

पाओ सुवत्ती हा दबा धरून बसणारा मासा आहे. फाहाका किंवा म्बू यांसारखे मोठे आफ्रिकी पफर दिवसभर टाकीत फिरतात. हा मात्र वाळूत पडून असतो आणि भक्ष्य तोंडासमोर आले की एका झडपेत ते पकडतो, त्यामुळे त्याची शक्ती फारशी खर्चच होत नाही. पुढचे भक्ष्य केव्हा येईल याचा निसर्गात भरवसा नसल्याने समोर येईल ते खाऊन घेणे हा त्याचा स्वभाव आहे. आपल्या हातावर त्याचे डोळे फिरतात ते या स्वभावामुळे. भरपेट खाल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशीही तो तसाच पाहील, म्हणून त्याच्या मागण्यावरून वेळापत्रक कधीही ठरवू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पफरचे जठर हे पाणी भरून अंग फुगवण्याचे साधन आहे, तिथे आपल्यासारखे पचन होत नाही. ते काम पुढे आतड्यात होते. ताणले जाणारे जठर असल्याने एका बैठकीत तो इतके खाऊ शकतो की पोट चेंडूएवढे दिसावे, पण खाण्याची क्षमता आणि खाण्याची गरज यांत मोठे अंतर आहे. सतत भरपेट मिळत राहिले तर असा मासा सुस्तावतो, स्थूल होतो, आणि त्याच्या विष्ठेमुळे व उरल्यासुरल्या तुकड्यांमुळे पाणी बिघडते ते वेगळेच.

आपल्या माशाचे वय आणि आकार पाहता पाच दिवसांतून एकदा खाणे पुरेसे ठरेल. ही जात साधारण १२ सेंटीमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे आपला मासा वाढ पूर्ण होण्याच्या टप्प्यावर आहे. ती झाली की अंतर सात दिवसांपर्यंत न्यावे. चार-पाच सेंटीमीटरचे पिल्लू असते तर दिवसाआड थोडे थोडे द्यायला मी सांगितले असते. एका वेळचे प्रमाण म्हणजे आपल्या मधल्या बोटाच्या दोन पेरांएवढी एक कोळंबी किंवा तेवढ्याच वस्तुमानाची गांडुळे.

तरीही कॅलेंडरपेक्षा माशाच्या अंगाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. खाल्ल्यानंतर पोटाला हलकी गोलाई आली की थांबावे, आणि ती गोलाई उतरून विष्ठा पडेपर्यंत पुढचे खाणे देऊ नये. वरून पाहिले असता डोळ्यांच्या मागे, पाठीच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले दिसले पाहिजे. तिथे खळगे पडले, किंवा नियमित खाऊनही पोट आत गेलेले राहिले, तर अंतर कमी करण्यापेक्षा आधी पोटातल्या जंतांचा संशय घ्यावा. हे मासे बहुधा नदीतून पकडून आणलेले असतात आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. औषध मात्र माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे.

देण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. लांब चिमट्यात किंवा बांबूच्या काडीच्या टोकाला तुकडा धरून तो माशाच्या तोंडापासून चार-पाच सेंटीमीटरवर वाळूच्या जरा वर सावकाश हलवावा. झडप घालण्याआधी तो अंग किंचित उचलतो आणि दोन्ही डोळे त्या एका बिंदूवर आणतो. तेवढा वेळ हात स्थिर ठेवला तर नेम चुकत नाही. थेट हाताने देण्याचा मोह टाळावा, कारण शिंपला फोडणाऱ्या त्या दातांना आपले बोट आणि कोळंबी यांतला फरक कळत नाही. न खाल्लेला तुकडा तास-दीड तासात काढून टाकावा.

डोंबिवली_पश्चिम यांचे उत्तर

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, तथापि जिवंत भक्ष्याला पूर्ण फाटा देण्याच्या मी विरोधात आहे. नव्याने आणलेला पाओ मेलेल्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि चिमट्यावरची कोळंबी नाकारली म्हणून त्याला उपाशी ठेवत बसणे हा मला हट्ट वाटतो. सुरुवातीला हलते भक्ष्य द्यावे, मग नुकतेच मेलेले चिमट्याने हलवून द्यावे आणि त्यानंतर कोळंबीवर आणावे, असा क्रम ठेवला तर मासा वळतो. शिवाय सगळ्याच माशांना माणसाची शिस्त लागते असेही नाही. काही जण शेवटपर्यंत हलणाऱ्या गोष्टीशिवाय तोंड उघडत नाहीत आणि त्यांच्यासाठी जिवंत झिंग्यांची सोय ठेवावीच लागते.

शिरगाव_रत्नागिरी यांचे उत्तर

जिवंत भक्ष्य द्यावे की नाही यापेक्षा ते कोणते आणि कुठून आणलेले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मत्स्यशास्त्राचे शिक्षण घेतलेले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

गोल्डफिश आणि कार्प कुळातील इतर छोटे मासे भक्ष्य म्हणून देऊ नयेत. त्यांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर असते आणि ते खाणाऱ्याच्या शरीरातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे खायला घातल्यावर त्यांना पक्षाघात होऊ लागला, आणि त्याच्या शोधातून या विकराचा छडा लागला. हे विकर शिजवल्याने नष्ट होते, गोठवल्याने नाही. म्हणून ‘फ्रीजरमध्ये ठेवले की चालते’ हा समज चुकीचा आहे. शिंपल्यांच्या अनेक आणि कोळंबीच्या काही जातींतही ते सापडते, तेव्हा वर्षानुवर्षे एकट्या कोळंबीवर मासा ठेवणेही योग्य नाही. कोळंबी, गांडूळ, गोगलगाय, खेकड्याचा पाय आणि अधूनमधून तिलापियाचा तुकडा असे आलटून पालटून दिले तर कोणत्याही एका पदार्थातील दोष साचून राहत नाही.

गप्पींत हा दोष सांगितला जात नाही, पण त्यांचा उगम पाहावा. आपल्या शहरांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी गटारांत आणि डबक्यांत सोडले जातात, आणि तेथूनच पकडून आणलेले गप्पी स्वस्तात विकणारे कमी नाहीत. असे मासे रोग आणि परजीवी थेट टाकीत आणतात. डोंबिवलीकरांनी सांगितलेला क्रम पाळायचाच असेल तर गप्पी घरी वाढवावेत, किंवा निदान तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून, चांगले खाऊ घालून मगच द्यावेत. उपाशी गप्पी दिला तर पफरच्या पोटात जवळजवळ काहीच जात नाही.

आता गांडुळांविषयी. प्रश्नकर्त्यांची अडचण लक्षात घेता गांडुळे हा त्यांचा मुख्य आधार होऊ शकतो, परंतु गांडूळखताच्या वाफ्यातील लाल गांडुळे आणताना सावध राहावे. खतासाठी सर्रास वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात डिवचली गेली की पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडते आणि बरेच मासे ती तोंडात घेऊन लगेच थुंकतात. त्यापेक्षा बागेतील ओल्या मातीतली साधी गांडुळे चांगली, मात्र त्या जागी कीटकनाशक किंवा रासायनिक खत पडलेले नसावे. आणल्यावर ती एक दिवस ओलसर कागदावर ठेवली की पोटातील माती निघून जाते. त्यानंतर धुऊन, लांब असतील तर कापून द्यावीत.

गोगलगायी भातखाचरातून किंवा तळ्यातून आणू नयेत, कारण कित्येक कृमींच्या जीवनचक्रात गोड्या पाण्यातील गोगलगाय हा मधला टप्पा असतो. मत्स्यालयातील वनस्पतींबरोबर आपोआप येणाऱ्या चपट्या, शिंगासारख्या वळणाच्या रॅम्सहॉर्न गोगलगायी एका बादलीत पालेभाजीच्या उरलेल्या पानांवर भराभर वाढतात. टोकदार मनोऱ्यासारख्या ट्रम्पेट गोगलगायींचे कवच मात्र फार टणक असते, त्या टाळाव्यात. पफरचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कवच असलेले अन्न अधूनमधून हवेच. कोळंबी दिली तर तीही सालासकट, मीठ-हळद न लावलेली आणि कच्ची असावी. बाजारातला सुका जवळा या माशासाठी घेऊ नये. तो हलत नाही, पाण्यावर तरंगतो आणि वाळूत बसलेला शिकारी त्याच्याकडे पाहतही नाही.

सिंहगड_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. गांडुळे आणि रॅम्सहॉर्न यांची सोय घरच्या गच्चीवर होऊ शकेल. कोळंबी जवळच राहणाऱ्या मित्राच्या फ्रीजरमध्ये ठेवता येईल, त्याने होकार दिला आहे. आता एक शंका उरते. गणपतीला आम्ही सगळे दहा-अकरा दिवस कोकणात जातो. शेजारच्या काकू रोज दिवा लावायला येणार आहेत, तर त्यांना दोनदा खाणे द्यायला सांगावे का?

खाडीकाठ यांचे उत्तर

काकूंना सांगू नये. अंगाने भरलेल्या पाओ सुवत्तीला दहा-अकरा दिवसांचा उपास काहीच नाही. नवीन आणलेले मासे याहून अधिक काळ स्वतःहून खात नाहीत आणि तरीही सुखरूप राहतात. याउलट मायेने टाकलेली मूठभर कोळंबी वाळूत कुजली तर परत येईपर्यंत पाण्यात अमोनिया झालेला असेल, आणि ते काकूंच्या लक्षात येण्याचे कारण नाही. काकूंनी फक्त फिल्टर चालू आहे का आणि तापमापक ३० च्या वर गेला आहे का, एवढे पाहावे. गेला असेल तर टाकीचे झाकण उघडून वर जाळी ठेवावी आणि खोलीतला पंखा लावावा.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी शेवटचे खाणे नेहमीच्याच प्रमाणात द्यावे, ‘आता बरेच दिवस मिळणार नाही’ म्हणून वाढवू नये. विष्ठा पडली की सायफनने वाळूचा वरचा थर साफ करून निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि त्याच तापमानाचे असावे. परत आल्यावर पहिल्या दिवशी पाण्याची चाचणी घ्यावी आणि अमोनिया शून्य असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवा मंद करून, एक मध्यम गांडूळ द्यावे.