नोमखुबुल्वाने : चाचणीच्या आधीचे शेत

नोमखुबुल्वाने ही झुलू लोकांची देवी. ‘नोमखुबुल्वानेचा उत्सव म्हणजे कौमार्यचाचणीला दिलेला धार्मिक मुलामा’ हे मत मला अर्धेच पटते. १९९०च्या दशकात नोमागुगू न्गोबेसे या सांगोमा (पारंपरिक वैदू व दैवज्ञ) स्त्रीने दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळ प्रांतात ही उपासना पुन्हा सुरू केली, तेव्हा एड्सच्या भीतीने चाचणीला महत्त्व आले हे खरे. २००५च्या कायद्याने १६ वर्षांखालील मुलींच्या चाचणीवर घातलेली बंदीही मला योग्यच वाटते.

मात्र ही देवी मुळात पावसाची आणि पिकांची. मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन यांनी वर्णिलेल्या जुन्या विधीत मुली पुरुषी वेश करून, एरवी त्यांना निषिद्ध असलेली गुरे राखत आणि दोहत. बायका दूर माळावर देवीच्या नावाने शेत पेरून तिला बिअरचे अर्घ्य देत, आणि पुढे त्या शेताची मशागत कोणीच करीत नसे.