शब्दचर्चा : ‘जनुकीय सुधारित’ की ‘जनुकीय परिवर्तित’?

प्रश्न : औषधी वनस्पतींविषयीच्या एका माहितीपत्रकाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. दुसऱ्या वनस्पतीचे जनुक घालून उपयुक्त घटक वाढवलेल्या झाडांना मी वर्तमानपत्री सवयीने ‘जनुकीय सुधारित’ म्हटले होते. संपादकांनी तेथे ‘परिवर्तित’ केले आणि ‘उपयुक्त घटक’ खोडून ‘सत्त्व’ लिहिले. दोन्ही दुरुस्त्या स्वीकाराव्यात काय?

उत्तर : पहिली स्वीकारावी, दुसरी स्वीकारू नये. शेतीच्या मराठीत ‘सुधारित वाण’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे : ज्याचे बी शेतकऱ्याला घरी राखून पुढच्या हंगामात पेरता येते ते सुधारित, आणि ज्याचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते ते संकरित. शिवाय ‘सुधारित’ म्हटले की आधीचे झाड उणे होते, असा निवाडा आपण नकळत देऊन टाकतो.

औषधी वनस्पतींत हा निवाडा कसा फसतो, याचे नमुनेदार उदाहरण बेलाडोना या विषारी औषधी झुडपाचे आहे. १९९२ मध्ये क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी खुरासानी ओवा या दुसऱ्या औषधी वनस्पतीतील एक जनुक बेलाडोनात घातले. त्या जनुकामुळे तयार होणारे विकर (एन्झाइम) हायोसायमीन या अल्कलॉइडचे, म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त द्रव्याचे, स्कोपोलामीन या दुसऱ्या अल्कलॉइडमध्ये रूपांतर करते, आणि त्यामुळे नव्या झाडांच्या पानांत जवळजवळ केवळ स्कोपोलामीनच आढळले. प्रवासातील मळमळीवर स्कोपोलामीन उपयोगी पडते, म्हणून ही ‘सुधारणा’ ठरली. परंतु नेत्रतपासणीत बाहुली मोठी करण्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅट्रोपीन हायोसायमीनपासूनच मिळते, त्यामुळे अ‍ॅट्रोपीन काढणाऱ्याच्या लेखी हेच झाड बिघडलेले आहे. येथे ‘वाढवले’ हे क्रियापदही अपुरे पडते, कारण एका अल्कलॉइडचे दुसरे झाले, म्हणजे प्रमाण पालटले.

‘सत्त्व’ मात्र सर्वस्वी वेगळे. नाचणीचे सत्त्व घराघरांत ठाऊक आहे. गुळवेलीचे कांड कुटून पाण्यात भिजवल्यावर तळाशी जो पांढरा साका बसतो, त्यालाही गुळवेल सत्त्व म्हणतात, आणि तो मुख्यतः पिष्टमय असतो. सदाफुलीतील विन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधासारख्या, पानांत अत्यल्प असणाऱ्या द्रव्याला ‘सत्त्व’ म्हटल्यास वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतेच काही उभे राहील. ‘औषधी घटक’ पुरे.

प्रतिसाद : आपले म्हणणे तर्काला धरून आहे, तरीही ‘जनुकीय सुधारित’ हा शब्द आता रूढ झाला आहे आणि वाचक त्याची फोड करून अर्थ लावीत नाहीत. उलट ‘परिवर्तित’ शब्दात एवढेच कळते की काहीतरी बदलले, काय बदलले ते कळत नाही.

उत्तर : शेवटचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच जेथे शक्य असेल तेथे आणखी नेमका शब्द योजावा. दुसऱ्या जातीचे जनुक आणले असेल तर ‘पारजनुकीय’, आणि वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात नेमका फेरफार केला असेल तर ‘जनुकसंपादित’. हा भेद कोशकारांच्या हौसेपुरता नाही. परके डीएनए नसलेल्या जनुकसंपादित वनस्पतींना केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये जनुकीय फेरफार केलेल्या सजीवांविषयीच्या १९८९ च्या नियमावलीतील काही नियमांतून सूट दिली. पारजनुकीय वनस्पतींना ती नाही. दोन्हींना सरसकट ‘सुधारित’ म्हणणाऱ्या अनुवादातून, कोणत्या झाडाला कोणता नियम लागू होतो, हेच वाचकाला समजणार नाही. रूढीचा मान मी राखतो, पण माहितीपत्रकात ती अडचणीची ठरते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग बेलाडोनाचे वाक्य असे करतो : ‘खुरासानी ओव्याचे जनुक घातलेल्या या पारजनुकीय बेलाडोनाच्या पानांत हायोसायमीनऐवजी मुख्यतः स्कोपोलामीन आढळते.’

उत्तर : योग्य आहे. ‘घातलेल्या’ असे सांगितल्यावर ‘पारजनुकीय’ गाळले तरी चालेल. शीर्षकात मात्र ठेवावे.