घरातलंच कोणी म्हणालं, "माझा विश्वास नाही" (अनुभव धागा)

नगरची_म्हापशात
काल मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) गेले होते. आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट, तेल-बिल वाहत नाही, पण फेस्त चुकवत नाही. पुढे कुंकू लावलेली एक आजी तेलाची बाटली घेऊन उभी. शिरगावच्या लईराई देवीची बहीण ना ही सायबीण, म्हणून दरवर्षी येते म्हणाली. तिला कुणी विचारलं नाही तू कोणाची, कशावर विश्वास ठेवतेस. आणि मी?

थोरला एकोणिसाचा असताना म्हणाला, "आई, रविवारपासून मी उपासनेला येणार नाही. मला पटत नाही." मी काय केलं, तर चर्चच्या पाळकसाहेबांना त्याच्या होस्टेलवर पाठवलं! त्या नाताळला तो घरी आला नाही. आठ वर्षं झाली. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? चुकलेलंही लिहा.

सोप्यावरची_मांजर
ऑफिसात आहे, रात्री लिहिते. पाळकसाहेब होस्टेलवर 🙈 बिचारा पोरगा.

साष्टीकार
आमच्या कॅथलिक घरात उलटी गंगा. भाऊ बिलिवर झाला, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्या नव्या ख्रिस्ती पंथात गेला. त्याच्या मते विश्वास आम्हीच सोडलाय, सायबीण म्हणजे मूर्ती. पपा म्हणाले, या घरात पाऊल टाकू नको. मम्मा काही बोलली नाही. लदीन (घरातली सामूहिक प्रार्थना) असली की तो बाहेर बलकावात, ओसरीवर, बसतो, संपली की मम्मा उकडलेले चणे-खोबरं त्याच्या हातात देते. फेणी घेत नाही आता. त्याच्या वाटची मी घेतो, कुणीतरी घ्यायला हवी 😄

फोंडेकर_७१
मी नाकारणाऱ्या बाजूचा, चालेल ना? आमचा देव मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आताच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला का आला हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० साली आली, कायमची गेली १८१२ला. त्यामुळे ऑफिसातल्या बाईंनी येशूचं पत्रक दिलं तेव्हा मी जरा तिरसटासारखाच बोललो. त्यांनी पत्रक पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "आज सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) आहे, वाढू?" परत विषय नाही. बारा वर्षं एका टेबलावर जेवलो.

सोप्यावरची_मांजर
हुमणाला नाही म्हणणारा नास्तिक अजून जन्माला यायचाय.

जुनी_वही
बायबलात लूकचा नववा अध्याय उघडा. जे गाव स्वीकारत नाही तिथे पायाची धूळ झटका, हे आपल्याला पाठ असतं. त्याच अध्यायात पुढे शोमरोनी गाव येशूला घेत नाही, तर याकोब आणि योहान हे शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पाडू का? येशू गावाला नाही, या दोघांना दटावतो. आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. बस्स.
नगरवाल्या ताई, तुमच्याकडचंच घ्या. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांची बायको लक्ष्मीबाई लगेच गेल्या का मागून? १९०० उजाडलं.

साष्टीकार
आग पाडू का विचारणारे आमचे पपा 😂 वाचून दाखवतो. नको, झोपल्यावर वाचतो.

पर्वरी_पार्किंग
फेस्ताला गाडी कुठे लावलीत? मी तासभर फिरून परत आलो.

नगरची_म्हापशात
@पर्वरी रिक्षाने गेले हो.
@जुनी_वही लक्ष्मीबाई माझ्या आजीच्या तोंडी असायच्या, पण हा हिशेब कधी केला नव्हता. आत्ता थोरल्याला फोन केला. मे महिन्यात ये म्हटलं. पहिला प्रश्न, "चर्चला यावं लागेल?" म्हटलं नाही. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मानकुराद आंबे असतील ना?

फोंडेकर_७१
ताई, भाव ऐकलात का यंदाचा? घरचे आहेत, पेटी पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.