ॲन्थ्रो करून यूएक्स रिसर्च: 'पळवाट' म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाटा: परवा इथेच एकाने लिहिलं की ॲन्थ्रोपॉलॉजी (मानववंशशास्त्र) करून यूएक्स रिसर्चमध्ये, म्हणजे लोक ॲप कसं वापरतात ते बघायच्या कामात, येणं ही पळवाट आहे, तीन महिन्यांचा कोर्स केला की कुणीही यूजर्सचे इंटरव्ह्यू घेऊ शकतं. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. सहा वर्षं हेच काम करतेय. मागे एका पेमेंट ॲपसाठी मंडईत बसायचे. सर्व्हेत एका भाजीवाल्या मावशींचं उत्तर होतं, 'यूपीआय वापरते, अडचण नाही'. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून मेथी निवडताना कळलं की क्यूआर मुलाच्या खात्याचा, मेसेजही मुलाच्या फोनवर, आणि मुलगा भोसरीला ड्युटीवर. मावशी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हिरवी खूण बघतात आणि माल देतात, बस. स्वतःच्याच कमाईसाठी संध्याकाळी मुलाकडे मागायचं. आमच्या डॅशबोर्डवर त्या कोण होत्या? पुरुष, वय २४.

स्प्रिंटमास्तर: तो 'एक' मीच. पण तीन दिवस मेथी निवडायला वेळ कोण देतं? आमचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. पाच जणांवर टेस्ट करा, बदल करा, पुढे चला. यूजेबिलिटीवाल्या जेकब नीलसनने २००० सालीच सांगितलंय पाच पुरे. आणि नोकऱ्या कुठेत? २०२३ला आमच्याकडे कपात झाली तेव्हा रिसर्चवाले पहिले गेले. माझी भाची ॲन्थ्रो करून आठ महिने घरी बसलीये, तिच्या आईला काय सांगू?

खाडीपलीकडे: नीलसनचे पाच जण बटण सापडतंय का ते बघायला ठीक, घरात पैसा कुणाच्या हातात राहतो हे त्यातून कसं दिसणार? ल्यूसी सचमन ॲन्थ्रोचीच. १९८०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या रिसर्च सेंटरमध्ये तिने लोक कॉपी मशीनशी झटताना व्हिडिओ काढले, कॉम्प्युटरमधली दिग्गज माणसंसुद्धा पाठपोट कॉपी काढताना अडकली. जेनेव्हीव बेलही ॲन्थ्रोचीच, ती १९९८ला चिप बनवणाऱ्या इंटेलमध्ये गेली. पळवाट म्हणता ती इतकी जुनी आहे.

डेक्कनची_पोर: मी ॲन्थ्रोचीच, तरी मास्तरांचं थोडं पटतं. आमच्याकडे अर्धा अभ्यास कवट्या मोजणं आणि रक्तगट, वर्गातले बरेचसे यूपीएससीचा ऑप्शनल म्हणून बसलेले. पहिल्या नोकरीत रात्र जागून ४० पानी रिपोर्ट दिला, मॅनेजर म्हणाला एका स्लाइडवर आण. हे कुणी शिकवलंच नव्हतं.

माणदेशी: विषय निघालाच आहे तर, ही ॲपवाली मंडळी मराठी कुठून आणतात? आईने बँकेच्या ॲपवर पत्ता बदलायचा फॉर्म भरला, खाली बटण 'जमा करा'. तिने फोनच खाली ठेवला, 'कसले पैसे जमा करायचे? मी नाही दाबत.' अर्धा तास समजावलं. 'पाठवा' लिहायला काय होतं?

चहाबिस्किट: आमच्याकडे 'जारी ठेवा' आहे. सगळं हिंदीवरून उतरवलेलं.

कोथरूडकर: 'पुष्टी करा' घरी कोण बोलतं? सरळ 'ओके' लिहा.

माणदेशी: ओके का? 'बरोबर आहे' लिहा की. मराठीची लाज वाटते तुम्हाला.

कोथरूडकर: माझी ८१ वर्षांची आजी ओके म्हणते, तिला सांगा जाऊन. लाज वगैरे काढायचं काम नाही.

चहाबिस्किट: अहो 'ओके'चं सोडा, 'रद्द करा' आणि 'रद्द करणे रद्द करा' शेजारीशेजारी पाहिलेत मी!

स्प्रिंटमास्तर: भाषांतर व्हेंडरचं काम, रिसर्चरचा काय संबंध? धागा भरकटवू नका.

रानवाटा: संबंध आहे ना! माणदेशींच्या आईचं बोट 'जमा करा'वर का थांबलं, हे शेजारी बसल्याशिवाय कळलं असतं? तुमच्या आकड्यांत ते 'फॉर्म अर्धवट सोडला' एवढंच दिसणार.

स्प्रिंटमास्तर: बरं, 'जमा करा' मान्य. तेवढंच. नोकऱ्या कमी आहेत हे तुम्हीही मान्य करा.

रानवाटा: आहेत कमी. २०२२पासून फ्रेशर्सचे फार हाल आहेत, हे भाचीच्या आईला स्पष्ट सांगा.

स्प्रिंटमास्तर: तिच्या पोर्टफोलिओत वारीवरचा थीसिस आहे, कुणी बघत नाही.

रानवाटा: बघतील. थीसिसचं नाव वर नको. दिंडीत मुक्कामाची, पाण्याची खबर मागच्या माणसापर्यंत कशी पोचते, फोन बंद पडले की काय करतात, हे तिने पाहिलंच असणार. त्यातला एकच प्रसंग घ्यायचा, कुणाशी बोलली, काय चुकीचं समजून गेली होती, काय वेगळं निघालं, आणि त्यावरून नेमकं काय बदलायला सांगेल. दोन पानं, जास्त नाही. लिहून झालं की इथेच टाकायला सांगा, मी वाचते.