कानचूक, अपपाठ की पाठभेद?

प्रश्न : गाण्यातला एखादा शब्द भलताच ऐकू येतो आणि मग वर्षानुवर्षं तसाच म्हटला जातो. याला मराठीत नेमका शब्द कोणता? 'श्रवणदोष' आणि 'श्रवणभ्रम' असे दोन सुचले, पण दोन्ही पटत नाहीत. शिवाय आरतीतल्या 'संकष्टी पावावे'ला पाठभेद म्हणायचं की सरळ चूक?

———

न पटणं बरोबरच आहे. श्रवणदोष म्हणजे मुळात कमी ऐकू येणं आणि श्रवणभ्रम म्हणजे आवाज नसताना ऐकू येणं. इथे कानही धड असतो आणि आवाजही खरा असतो, चुकते ती शब्दांची जुळणी.

इंग्रजीत याला मॉन्डेग्रीन म्हणतात. सिल्व्हिया राइट यांनी 1954 साली एका लेखात तो शब्द रूढ केला. एका स्कॉटिश पोवाड्यातलं 'लेड हिम ऑन द ग्रीन' त्यांना लहानपणी 'लेडी मॉन्डेग्रीन' असं ऐकू आलं होतं, म्हणजे कवितेत नसलेली एक बाईच उभी राहिली. जपानीत 'सोरामिमी' म्हणतात, शब्दशः 'रिकामा कान'.

मराठीत 'नजरचूक' इतका मुरलेला आहे की त्याच धर्तीवर 'कानचूक' चालावा. अर्थ सांगावा लागत नाही आणि 'माझी कानचूक झाली' असं वाक्यही सहज होतं.

———

शब्द नवा असेल, गोष्ट जुनी आहे. दमयंतीच्या तोंडची प्रसिद्ध आर्या पाहा : 'औषध नल गे मजला'. ती म्हणते, अगं, माझं औषध म्हणजे नल. आईला ऐकू येतं 'औषध न लगे मजला', म्हणजे औषध नको, आणि ती 'बरे' म्हणून मान डोलावते. अक्षरं तीच, मात्रा दोन्हीकडे 12, क्रमही तोच. फरक फक्त ल कोणाला चिकटतो एवढाच. अलंकारशास्त्र याला सभंग श्लेष म्हणतं. कवीने जाणून केला की श्लेष, श्रोत्याकडून नकळत झाला की कानचूक. दोन्हीचं मूळ पदच्छेदात, म्हणजे शब्द कुठे तोडला यात.

गाण्यात ही चूक जास्त का होते, तेही इथेच कळतं. बोलताना आपण 'मन' हा शब्द 'मन्' असा तोडतो, शेवटचा अ गिळतो. त्यामुळे शब्द कुठे संपला ते कानाला समजतं. गाताना तो अ पूर्ण उच्चारतात, वर लांबवतात. ही खूण गेली की श्वास जिथे घेतला तिथेच शब्द संपला असं वाटू लागतं. आणि श्वासाची जागा चाल ठरवते, व्याकरण नव्हे.

———

पदच्छेद हे एक कारण झालं. दुसरं कारण उच्चाराचं. 1980 सालच्या 'कुर्बानी'तलं 'बात बन जाए' कित्येकांना 'बाप बन जाए' असं ऐकू येतं. स्वतः सावकाश म्हणून पाहा : 'बात' मधला त् संपायच्या आतच ओठ पुढच्या ब साठी मिटू लागतात. त चा स्फोट बाहेर येतच नाही आणि मिटत्या ओठांमुळे तिथे प असल्याचा भास होतो. त्यातून 'बाप' हा रोजचा शब्द, त्यामुळे मेंदू तोच उचलतो.

तिसरं कारण सुराच्या उंचीचं. इ आणि उ ओळखू येतात ते साधारण 300 हर्ट्झच्या आसपासच्या अनुनादामुळे. सूर त्याच्या बराच वर, 500–600 हर्ट्झला गेला की तो अनुनाद जागेवर ठेवता येत नाही. इ ए कडे झुकते, उ ओ कडे. तार सप्तकातल्या ओळी जास्त चुकतात त्या यामुळे. अशा ठिकाणी गायकाच्या उच्चाराला नावं ठेवू नयेत.

———

आता पाठभेदाचं. तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर गोंधळ होत नाही. कानचूक ही घटना, एका माणसाच्या कानात घडलेली. ती चार तोंडी झाली आणि म्हटली जाऊ लागली की अपपाठ. पाठभेद मात्र त्यालाच म्हणावं ज्याला छापील परंपरा आहे आणि ज्याचा अर्थ त्या ओळीत नीट बसतो.

'फणिवरबंधना' घ्या. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग, त्याचं बंधन पोटाला बांधलेला तो. काही पुस्तकांत 'फणिवरवंदना' छापलेलं असतं. नागराज ज्याला वंदन करतो तो, हाही अर्थ लागतो, म्हणून तो पाठभेद. 'फळीवर वंदना'ला अर्थच नाही, तो अपपाठ. मला 'बंधना'च योग्य वाटतं. लंबोदर, पीतांबर ही रूपाची वर्णनं चालू असताना कमरेचा नाग ओघाने येतो, आणि 'वंदना' हे यमक त्याच कडव्याच्या शेवटी 'सुरवरवंदना'त येणारच आहे. बहुधा तिथूनच ते वर सरकलं असावं. शिवाय हा समास 'फणिवर बंधना' असा तोडून छापला की 'वर' हे शब्दयोगी अव्यय वाटू लागतं आणि मग त्याआधी 'फळी' यायला वेळ लागत नाही. समास जोडूनच छापावा.

'संकष्टी पावावे' हा अपपाठच. तो टिकला, कारण संकष्टी चतुर्थी गणपतीचीच. पण शेजारी 'निर्वाणी रक्षावे' आहे. संकटी आणि निर्वाणी या दोन जुळ्या सप्तम्या : संकटात पाव, निर्वाणीच्या वेळी रक्षण कर. 'संकष्टी' घातलं की देवाचं पावणं महिन्यातल्या एका दिवसापुरतं उरतं.

———

मात्रा मोजल्या तरी हे सापडतं. सं-क-टी 2+1+2 म्हणजे 5. संकष्टीत जोडाक्षरामुळे क गुरू होतो, 2+2+2 म्हणजे 6. मात्र आरतीच्या ठेक्यात अक्षरं ओढून म्हणतात, त्यात ही एक मात्रा लपते. म्हणून शंका आली की आधी चाल काढून टाकावी आणि ओळ गद्यासारखी वाचावी. क्रियापद शोधावं, कर्ता शोधावा, विभक्ती जुळते का पाहावं. ध्वनिमुद्रण असेल तर वेग 0.75 वर आणून हेडफोनने ऐकावं, पण मनातला शब्द आधी कागदावर लिहून ठेवून नव्हे. एकदा लिहिलेला शब्द दिसला की कान तोच ऐकतो. त्यानंतर छापील पाठ पाहावा. गाण्यांच्या संकेतस्थळांवर एकाची चूक दुसरा जशीच्या तशी उतरवतो, त्यामुळे दहा ठिकाणी सारखं दिसलं तरी तो एकच पुरावा धरावा.

———

प्रश्न : याच आरतीतलं 'नुरवी' विचारायचं राहिलं. ते 'पुरवी'च्या यमकासाठी घातलेलं नुसतं नादाचं अक्षर आहे का?

———

नाही, ते पूर्ण क्रियापद आहे. न + उरवी = नुरवी, म्हणजे उरू देत नाही. अन्वय असा : जयाची कृपा विघ्नाची वार्ता नुरवी, प्रेम पुरवी. वाक्य एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातं, पण चाल 'विघ्नाची' वर थांबते. त्यामुळे विघ्नाची वार्ता अधांतरी राहते आणि 'नुरवी पुरवी' ही अर्थहीन जोडी वाटते. छापताना 'नुरवी, पुरवी प्रेम' असा स्वल्पविराम द्यावा आणि म्हणताना 'विघ्नाची' वरचा श्वास पुढे ढकलून 'नुरवी' नंतर घेऊन पाहावा.