ॲक्युरसी आणि प्रिसिजन, दोन्ही 'अचूकता'च का?

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:
मेट्रॉलॉजीच्या (मापनशास्त्राच्या) तोंडी परीक्षेत या दोन शब्दांतला फरक विचारला की मी गडबडतो. शब्दकोशात दोन्हींसमोर अचूकताच लिहिलंय. समजेल असं कुणी सांगाल का?

नेमबाज:
सगळ्या गोळ्या एकाच जागी, पण केंद्राच्या बाजूला लागल्या, तर प्रिसिजन आहे, ॲक्युरसी नाही.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:
हे चित्र पुस्तकात आहे. पण निशाण्यावर केंद्र दिसतं. जॉब (मशीनवर बनवलेला भाग) मोजताना खरं माप कुठे दिसतं?

टूलरूम_भोसरी:
खरी अडचण तिथेच आहे. मी नवीन असताना 20 मिमीच्या चाळीस पिना ग्राइंड केल्या. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे 0.01. मायक्रोमीटर प्रत्येक पिनेवर 20.00 दाखवायचा, तीनतीनदा मोजलं तरी तेच. तपासणीत सगळ्या 19.97 भरल्या. मायक्रोमीटर आधी कधीतरी पडला होता, जबडे मिटून बंद केल्यावरच 0.03 दाखवत होता आणि मी झिरो बघितलाच नव्हता. कमी झालेलं मटेरियल परत कसं आणणार? चाळीसही भंगारात. ते दुःख अजून आहे.

वाचन पुन्हापुन्हा तेच येणं म्हणजे प्रिसिजन. मी त्याला एकसारखेपणा म्हणतो. खऱ्या मापाशी जुळणं म्हणजे ॲक्युरसी, खरेपणा. एकसारखेपणा तुला एकट्याला तपासता येतो, दहा वेळा मोज. खरेपणासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो, तो म्हणजे स्लिप गेज, नेमक्या माहीत मापाचा ठोकळा. आणि झिरो एरर, म्हणजे माझ्या मायक्रोमीटरची ती 0.03 ची चूक, कळली की वजा करता येते. वाचनंच विखुरलेली असतील तर काय वजा करणार? सरासरी घेऊन विखुरणं कमी होतं, पण झिरो एरर सरासरीत जशीच्या तशी राहते.

क्वालिटीवाली:
काका, एक भर घालते. आयएसओ 5725 या आंतरराष्ट्रीय मानकात (1994) तुमच्या खरेपणाला ट्रूनेस म्हटलंय. ॲक्युरसीत ट्रूनेस आणि प्रिसिजन दोन्ही येतात. तोंडी परीक्षेत हे जरूर सांग.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:
आज लॅबमध्ये 10 मिमीचा स्लिप गेज पुसून, रॅचेटनेच (दर वेळी सारखाच दाब देणाऱ्या टोकाच्या मुठीने) पाच वेळा मोजला. पाचही वेळा 10.02. मायक्रोमीटर बंद करून पाहिला, तर झिरोची रेघ दोन घरं पुढे, म्हणजे 0.02 ने पुढे होती.